दगडांखालचा बर्फ

मी अजून हिमनदी पाहिलेली नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण दोन वर्षांपासून माझं काम हिमनद्यांचंच आहे आणि ओळखीच्या लोकांना वाटतं, की ही अधूनमधून तिकडे जाऊन येत असेल. नागपूरच्या उत्तरेला मी कधी गेलेले नाही.

मी यवतमाळला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भूगोल. आमच्या घरात कॉलेजात पाय ठेवणारी मी पहिलीच, त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगताना ती आपल्याला नीट समजली आहे ना, अशी मला धाकधूक असते. हा लेख लिहितानाही आहे. पण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं, म्हणून लिहिते.

बाबा राजूरला चुनाभट्टीवर काम करतात. मला हे काम लागलं तेव्हा त्यांनी विचारलं,

"तू तिथं नेमकं काय करून राह्यली, माय?"

"हिमालयातल्या बर्फाच्या कडेकडेनं रेघ मारते. कॉम्प्युटरवर."

"कायले?"

"बर्फ किती आहे ते समजते. आधीपेक्षा कमी झाला का, तेही."

बाबांनी थोडा विचार केला. "म्हणजे पटवाऱ्याचं काम म्हण ना. एकाचं शेत कुठं संपते, धुरा कुठून जाते ते दाखवायचं."

"हाव, तसंच."

"मग भांडणं होतेच," बाबा म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

आमचं सेंटर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका मोटर-वाइंडिंगच्या दुकानाच्या वर आहे. दुकान शाहीदभाईंच्या अब्बांचं, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. विहिरींवरच्या, बोअरवेलच्या जळालेल्या मोटरी तिथे येतात, चाचा त्यांची तांब्याची तार काढून नवीन भरतात. वरच्या हॉलमध्ये शाहीदभाईंनी कॉम्प्युटर मांडले आहेत. बाहेरच्या संस्था त्यांना उपग्रहातून घेतलेली चित्रं पाठवतात, आणि आम्ही कॉलेजची मुलं त्यावर रेघा काढून देतो. आधी रस्ते आणि शेतं होती. मग हिमनद्या आल्या.

काम दिसायला सोपं आहे. वरून घेतलेलं डोंगराचं चित्र समोर असतं. ते मोठं करायचं, बर्फ जिथे संपतो त्या कडेवर माऊसने एकेक टिंब देत जायचं आणि शेवटचं टिंब पहिल्याला जोडायचं. आकार बंद झाला की त्याला नंबर. तिकडची कोणी जाणकार व्यक्ती ते तपासते, आणि पास झालं तर पुढचं खोरं. डोळे दुखतात, मनगट दुखतं, बाकी काही नाही. मे महिन्यात बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं आणि आत कूलरच्या घरघरीत आम्ही बर्फावर टिंबं देत असतो. माझ्या शेजारी प्रणाली बसते, उमरखेडची. ती स्क्रीनकडे पाहून ओढणी गुंडाळून घ्यायची. "मले तर थंडी वाजून राह्यली वो," म्हणायची, आणि शाहीदभाई म्हणायचे, "मग कूलर बंद करतो, बिल तरी वाचते."

चुका व्हायच्या. सावलीतला बर्फ काळा दिसतो, तो सुटायचा. गोठलेला तलाव हिमनदीत जायचा. एकदा आमच्यातल्या एकाने इतक्या निगुतीने एक मोठी हिमनदी काढून दिली, की शाहीदभाईंनी ती सगळ्यांना दाखवली. तपासणीतून उत्तर आलं, हा ढग आहे. त्या मुलाला अजून आम्ही ढगाचा मालक म्हणतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे हिमाचलमधलं एक खोरं आलं. काम देणाऱ्या संस्थेत एक मॅडम होत्या, त्या आमच्या रेघा तपासायच्या. कमी बोलणाऱ्या, पण चूक दाखवताना कधी टाकून न बोलणाऱ्या. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरची चित्रं ढगाळ निघाली म्हणून आम्हाला जूनची देण्यात आली होती. सोबतच्या सूचनांमध्ये एक ओळ होती, की नुकताच पडलेला बर्फ वाटला तर तिथे शंकेची खूण करावी. आम्ही एकही खूण केली नाही, कारण आम्हाला शंकाच आली नाही. जे पांढरं ते ग्लेशियर. यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला याच्यापेक्षा वेगळं काय सुचणार? खोरं पास झालं, आम्ही पुढचं घेतलं.

जुलैमध्ये एका दुपारी शाहीदभाई फोन हातात धरून आले. "कोणी पहाडी माणूस आहे. नकाशा काढणाऱ्या पोट्ट्यांशी बोलायचं म्हणते. करुणा, तू घे, तुझं हिंदी बरं आहे."

माझं हिंदी बरं नाही. पण बाकीचे सगळे एकदम कामात बुडाले होते.

फोनवरच्या माणसाने आपलं नाव छेरिंग सांगितलं. त्या खोऱ्यातल्या एका गावात पाण्याच्या पाळ्या ठरवणारी कमिटी आहे, तिचं काम ते पाहतात. आमचा नकाशा त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि त्याच्या कोपऱ्यात सेंटरचा नंबर होता. आमचं बोलणं हिंदीत झालं, इथे बहुतेक मराठीत देते.

"पश्चिमेच्या नाल्यावर मोठं ग्लेशियर तुम्ही दाखवलं?"

"हो सर. चौदा नंबर."

"बेटी, त्या चौदा नंबरवर आत्ता माझ्या मेंढ्या चरतायत. फोटो पाठवू?"

मला वाटलं चेष्टा करतायत. दोन मिनिटांत फोटो आला. हिरवंगार गवत, मेंढ्या, आणि एका खडकाला टेकून डबा उघडून बसलेला एक माणूस. प्रणालीने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि तिच्या तोंडून निघालं, "ना बाप्पा! हे तर ग्लेशियरवर पोळी-भाजी खाऊन राह्यले!" फोन चालू होता. छेरिंगजींना मराठी कळली नसेल, पण तेही हसले.

मग त्यांनी जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्यांच्या भागात पावसाचा भरवसा नाही. मटार, बटाटा, सगळं वरून उतरणाऱ्या पाण्यावर. ते पाणी शेतापर्यंत आणायला डोंगराच्या अंगाने चर खणलेला असतो, त्याला ते कूल म्हणतात. गावाची जुनी कूल वरच्या एका लहान हिमनदीवर चालायची. ती हिमनदी आटत आटत संपत आली होती. शेंगा भरायच्या वेळेलाच कूल कोरडी पडायची. नवीन कूल खणायला सरकारी मंजुरी मिळणार होती, पण एकच, आणि पुन्हा नाही. पाणी पश्चिमेच्या नाल्यावरून घ्यायचं की पूर्वेच्या, एवढं ठरायचं होतं. मंजुरी देणाऱ्या ऑफिसने आमचा नकाशा पाहिला. पश्चिमेला ग्लेशियर, पूर्वेला काही नाही. म्हणून पश्चिम.

"तो नाला जूनमध्ये असा वाहतो, की पलीकडच्या माणसाची हाक ऐकू येत नाही," छेरिंगजी म्हणाले. "आणि ऑगस्टमध्ये त्यात कोंबडीसुद्धा पाय न भिजवता फिरते."

हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्याच्या तोंडाशी वितळून जातो. त्यानंतर जे पाणी येतं ते फक्त जुन्या, वर्षानुवर्षं दाबून घट्ट झालेल्या बर्फातून, म्हणजे खऱ्या हिमनदीतून. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण समोरच्या चित्रातला पांढरा रंग म्हणजे फक्त मागच्या हिवाळ्याचा बर्फ असू शकतो, हे डोक्यात आलं नाही.

"आणि पूर्वेचं काय?" मी विचारलं.

"तो नाला सप्टेंबरातही चालतो. गढूळ, पण चालतो. वर बघावं तर नुसते दगड. कोणी म्हणतात दगडांखाली बर्फ आहे, कोणी म्हणतात कधीच मेला. मला खरंच माहीत नाही, बेटी. तिथे चालणं अवघड, दगड घसरतात. तुम्ही वरून बघता. आहे का खाली बर्फ? ऑगस्टच्या शेवटी ऑफिसचे लोक गावात येतील, तेव्हा ठरेल."

फोन ठेवून मी ते चित्र उघडलं. पूर्वेच्या नाल्यावर राखाडी उंचवट्यांचा एक लांब पट्टा होता आणि त्यात हिरवट पाण्याची लहान लहान डबकी. मी हे आधी पाहिलं होतं आणि एक सेकंदही न थांबता पुढे गेले होते. राजूरला आमच्या घरामागे असंच दिसतं. खाणीवाले कोळशाच्या वरची माती-दगड काढून ढीग घालतात, जुन्या खड्ड्यांत पाणी साचतं. त्या ढिगांखाली काही नसतं. लहानपणापासून तेच पाहिलं, म्हणून मला हिमालयातही तेच दिसलं.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी ते चित्र स्वतः उघडून पाहिलं. मग म्हणाल्या, "मी तपासतानाही सुटलं. जूनची चित्रं द्यायलाच नको होती." आणि लगेच कामाचं बोलायला लागल्या. मागच्या काही वर्षांची ऑगस्ट-सप्टेंबरची जी चित्रं मिळतील ती काढा, तुकड्यातुकड्याने ढग नसलेली चालतील. जे पांढरं उन्हाळा संपतानाही टिकलं तेच धरा. पूर्वेसाठी दगडांवर लक्ष ठेवा. खाली वाहता बर्फ असेल तर त्याच्यावरचे दगड दरवर्षी थोडे खाली सरकतात. नुसत्या मातीचा ढीग तसा चालत नाही.

"पण खोरं पूर्ण पुन्हा करावं लागेल," त्या म्हणाल्या. "पास झालेल्या कामाचे पुन्हा पैसे मी देऊ शकणार नाही. तुमच्या सरांशी बोला."

शाहीदभाई खाली दुकानात होते. मी सगळं सांगितलं, कुठूनही कुठेही जात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पास झालेला पेपर कोणी परत मागते का, करुणा? उद्या संस्थावाले म्हणतीन, यांच्या बाकीच्या कामात काय भरवसा. पुढचं काम गेलं तर तुमच्यासारख्या पोरींनी काय करायचं? तो माणूस ऑफिसला जाऊन सांगो ना, की मेंढ्या चरून राह्यल्या."

"त्यांनी सांगतलं, भाई. ऑफिसवाले म्हणते नकाशा पाहा."

"मग मॅडमनं सांगावं."

"त्या सांगतीन. पण पूर्वेला बर्फ आहे का नाही, ते कोणी तरी पाहिल्याशिवाय त्या काय सांगणार?"

ते हिशेबाच्या वहीकडे वळले. मला असं समोर उभं राहून बोलायची सवय नाही. वर्गातही मी हात वर करत नाही. पण पायऱ्यांकडे वळले आणि पुन्हा मागे फिरले. दुकानात भिंतीला लागून जळालेल्या मोटरींची रांग होती.

"भाई, या मोटरी कशाने जळतात?"

"तुले माहीत आहे."

"विहिरीत पाणी नसताना चालल्या म्हणून. आपण त्या गावाले तेच करून देऊन राह्यलो. कोरड्या नाल्यावर कूल. आणि त्यांची दुरुस्त करायले चाचा नाहीत तिथं."

चाचा तार गुंडाळता गुंडाळता थांबले. शाहीदभाईंनी मान खाजवली. "तू बोलत नाही बोलत नाही, अन् बोलली की अशी," ते म्हणाले. "रविवारी करा. रोजचं काम थांबलं नाही पाहिजे. ज्याले यायचं त्याने यावं, मी कोणाले म्हणणार नाही. चहा माझ्याकडून."

"अन् समोसे?" दारातून प्रणाली म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक.

रविवारी तीन-चारजण आलो. पश्चिमेचं काम लवकर झालं. सप्टेंबरच्या चित्रांत चौदा नंबरच्या जागी वर कड्याजवळ नखाएवढा पांढरा तुकडा उरलेला होता, बाकी सगळी कुरणं. मी तो मोठा आकार पुसला. आपण काढलेली रेघ पुसताना वाईट वाटतं असं लोक म्हणतात. मला वाटलं नाही. लाज वाटली, आणि मोकळंही.

पूर्वेला वेळ लागला. दगडांच्या त्या पट्ट्यात ओळखता येईल असं काही तरी हवं होतं. प्रणालीला काळ्या दगडांचा एक मोठा ठिपका सापडला. तिच्या मते तो बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता, म्हणून त्याचं नाव म्हैस पडलं. एका वर्षीच्या चित्रात म्हैस कुठे आहे तिथे खूण केली. पुढच्या वर्षीचं चित्र त्याच्यावर ठेवलं.

"करुणे," प्रणाली हळूच म्हणाली, "म्हैस उठली."

ती खाली सरकली होती. फार नाही. आम्ही लगेच नाचायला लागलो होतो, पण मॅडमनी एक प्रश्न विचारायला शिकवलं होतं. पूर्ण चित्रच सरकलं असेल तर? म्हणून बाजूचा कडा, दोन ओढ्यांचा संगम, एक एकटा सुळका, न हलणाऱ्या अशा जागा तपासल्या. त्या जागच्या जागी होत्या. तिसऱ्या वर्षीच्या चित्रात म्हैस अजून खाली. आसपासचे दुसरे डागही. दगडांखाली बर्फ होता आणि तो जिवंत होता.

पण मग खालच्या टोकाकडे गेलो. तिथले दगड हलत नव्हते. डबकी मात्र दरवर्षी वाढत होती, दोनाची एक होत होती. म्हणजे खालचा बर्फ वरच्या बर्फापासून तुटलेला, जागेवरच वितळणारा. मॅडमनी हे पाहून लिहिलं, की जिवंत भाग वर वर चालला आहे.

छेरिंगजींनी एकदा बोलताना सांगितलं होतं, की अलीकडे पूर्वेच्या नाल्याला पाणी वाढलंय, म्हणून काही लोकांना तो आवडतो. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटेना. आमच्या घराजवळून एक नाला जातो, तो भर मे महिन्यात वाहतो. परगावचा माणूस म्हणेल, काय नशीबवान गाव. ते पाणी खाणीतून उपसून सोडलेलं असतं. त्यावर खालच्या बाजूला लोक पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात. खाण पाणी उपसते तोवर नाला, पंप बंद झाला की काही नाही. वितळणाऱ्या हिमनदीचं तसंच आहे. साठा रिकामा होताना काही वर्षं नाला जास्तच भरून वाहतो. ते वाढलेलं पाणी म्हणजे साठा संपत चालल्याची खूण असते, आणि खाली राहणाऱ्याला ती चांगली बातमी वाटते.

नवा नकाशा गेला. मॅडमनी त्याच्यासोबत स्वतःचं पत्र जोडलं, आधीचं चुकलं असं त्यात स्पष्ट लिहिलं. संस्थेने आमचं पुढचं काम काढून घेतलं नाही. महिनाभर आमच्या प्रत्येक रेघेची दुहेरी तपासणी मात्र झाली, आणि शाहीदभाई रोज माझ्याकडे पाहून म्हणायचे, "काढ अजून पूर्वेच्या रेघा."

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात छेरिंगजींचा फोन आला. बैठक चालू होती. ऑफिसच्या साहेबांनी नवा नकाशा मानला होता, पश्चिमेचा नाला बाद झाला होता. पण गावातच दोन तट पडले होते. अर्धे म्हणत होते, पूर्वेला नुसते दगड, तिथे कूल खणून तीही कोरडी पडली तर? त्यापेक्षा जुनीच डागडुजी करून चालवू.

"मी स्पीकरवर टाकतो," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

"मी? मॅडमना..."

"मॅडमचा फोन लागत नाही. आणि रेघ तुम्ही काढली आहे."

पलीकडे माणसांची कुजबुज ऐकू येत होती. इकडे शाहीदभाईंनी दोन्ही कूलर बंद केले. सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता.

एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. खणखणीत. "लड़की, तू कभी यहाँ आयी है?"

"नहीं, आमाजी." तिकडे म्हाताऱ्या बायांना आमा म्हणतात हे छेरिंगजींच्या बोलण्यातून कळलं होतं.

"तो तुझे कैसे मालूम, नीचे बर्फ है?"

मी म्हणाले, "पत्थर चल रहे हैं." माझा आवाज मलाच बारीक वाटला. शाहीदभाईंनी हाताने 'जोरात' अशी खूण केली. मी पुन्हा म्हणाले. आम्ही त्यांच्यावर खुणा केल्यात, दरवर्षी ते खाली येतायत, आजूबाजूचा डोंगर हलत नाही आणि फक्त तेच हलतायत. खाली बर्फ असल्याशिवाय असं होत नाही.

"कौनसे पत्थर?"

"एक काला दाग है, ऊपर, दो तालाबों के बीच. भैंस जैसा."

पलीकडे एकदम गलका झाला. त्यांच्या भाषेत कोणी तरी काही बोललं, खूपजण हसले. छेरिंगजी म्हणाले, "आमा म्हणतात, तिथे म्हैस नाही, याक आहे." माझ्या शेजारी प्रणालीने कपाळाला हात लावला.

मग छेरिंगजींनीच विचारलं, आणि त्यांचा आवाज वेगळा होता. "कितने साल, बेटी? किती वर्षं चालेल?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मोठा आकडा सांगितला असता तर बैठक तिथेच संपली असती, आणि माझं मन ते सांगायला ओढत होतं. त्या लोकांना कूल मिळावी असं मला मनापासून वाटत होतं.

"मालूम नहीं," मी म्हणाले. "बर्फ है. पर कम हो रहा है. नाले में पानी बढ़ा है ना, वो बर्फ खतम होने का पानी है. हमेशा इतना नहीं रहेगा." माझं हिंदी तिथे संपलं. मी मराठीतच म्हणाले, "मोठी कूल खणू नका," आणि शाहीदभाईंनी माझ्या हातातल्या फोनकडे वाकून ते हिंदीत सांगितलं.

त्यानंतर ते लोक आपसात बोलत राहिले. मला एक शब्द समजत नव्हता. आमाचा आवाज वर चढायचा, दुसरे आवाज त्याला भिडायचे. मी फोन धरून तशीच उभी होते. खाली चाचांचा हातोडा वाजत होता. आपण लोकांच्या तोंडचा घास काढून घेतला की काय असं मला वाटायला लागलं.

शेवटी छेरिंगजी आले. "तय हो गया. पूरब. पण अरुंद कूल. आणि वर एक टाकं बांधू, रात्रीचं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही. बटाटा कमी करू." मग म्हणाले, "तुम्ही जास्त वर्षं सांगितली असती, तर आमाने हट्टाने मोठी कूल खणायला लावली असती. ती ऐकते थोडीच."

कूल या उन्हाळ्यात खणून झाली. त्यांनी एक फोटो पाठवला होता, चिखलाने भरलेले सगळ्यांचे पाय आणि मध्ये पाण्याची एक बारीक धार. तो चाचांनी दुकानात लावला आहे.

दर सप्टेंबरला मी पूर्वेच्या त्या पट्ट्याची रेघ काढून त्यांना कळवायची असं ठरलं आहे. हे काम कोणी दिलेलं नाही आणि ते कुठल्या टार्गेटमध्ये मोजलं जात नाही. शाहीदभाईंना माहीत आहे, ते काही म्हणत नाहीत. यंदा या सप्टेंबरची चित्रं आली. जिवंत बर्फाची खालची कड मागच्या वर्षीपेक्षा वर गेली आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. मी दोनदा तपासली, प्रणालीकडून एकदा. मग फोन लावला आणि न घुमवता सांगितलं.

छेरिंगजी शेतातच होते. मला मागे वारा ऐकू येत होता.

"मी तुला विचारणार होतो, की सफरचंद लावू का," ते म्हणाले. "झाड मोठं व्हायला वर्षं लागतात, आणि मग तितकी वर्षं पाणी मागतं. मग म्हटलं, तू पुन्हा म्हणशील, मालूम नहीं."

"तेच म्हणणार होते."

"म्हणून विचारलं नाही. लावली. अर्ध्या शेतात. बाकी अर्ध्यात मटार."

कमी करा म्हणावं की बरं केलं म्हणावं? दोन्ही म्हणायचा मला अधिकार नव्हता.

"पुढचं चित्र कधी बघशील?" त्यांनी विचारलं.

"सप्टेंबरला."

"आणि ढग असले तर?"

"तर ऑक्टोबरला. आमचं तोवर शिकणं संपलेलं असेल, पण मी इथेच असेन. नसेन तरी बघेन."

"ठीक है. फोन मैं करूँगा, तुम मत करना. तुम्हारा पैसा लगेगा."

आता फोनला पैसे लागत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. फोन त्यांचाच येऊ दे.